काळ्या आलुबुखाराचं सार

दिवाळी अंकात नोकरीच्या आठवणी लिहायच्या तर माणूस निवृत्त असावा, निदान त्याचे केस तरी पांढरे असावेत. माझं यातलं काहीच झालेलं नाही. ज्या नोकरीबद्दल लिहिते आहे ती मी शिकता शिकता, अर्धवेळ केली, आणि ते दुकानही आता राहिलेलं नाही. तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात. तरी लिहिते, कारण त्या दुकानात मी एका आंबट फळाच्या पुड्या बांधल्या, आणि त्या फळानं माझं एक जुनं भांडण मिटवलं नसलं तरी नीट मांडून दिलं.

भांडण घरून आणलेलं होतं. माझे वडील विट्याजवळच्या एका गावात प्राथमिक शिक्षक. सुट्टीच्या दिवशी ते जत्रेत घडीचं टेबल मांडून पुस्तिका विकायचे. पिवळट कागदाच्या, सोळा पानी. ‘ताईत उघडून पाहा’, ‘अंगात येतं म्हणजे नक्की काय येतं?’ अशा नावांच्या. मजकूर त्यांचा, टाचण्या आईच्या, घड्या माझ्या. बाराखडीनंतर मी पहिल्यांदा वाचलं ते हेच. माझं नावही त्यांनी क्रांती ठेवलं, म्हणजे मागे फिरायला जागाच नको.

अशी मुलगी मँचेस्टरला फार्मसी शिकायला गेली आणि वरखर्चासाठी नोकरी धरली ती चिनी जडीबुटीच्या दुकानात.

“म्हणजे वैदूचं दुकान,” वडील फोनवर म्हणाले.

“ट्रामच्या स्टॉपसमोर आहे, बाबा. आणि आत हीटर आहे.”

ते म्हणाले, “बरं. डोळे उघडे ठेव.”

दोन हजार पाचच्या आसपासचा काळ. तेव्हा इंग्लंडातल्या प्रत्येक बऱ्या हाय स्ट्रीटवर, म्हणजे गावाच्या मुख्य बाजाररस्त्यावर, असं एक दुकान असायचंच. काचेत हिरवा बोर्ड, आत भिंतभर लाकडी खण, एक तराजू, आणि दारातून शिरताच नाकाला झोंबणारा, ओल्या लाकडाचा आणि ज्येष्ठमधाचा वास. मालक कुठल्या तरी दुसऱ्या गावात राहायचा आणि शुक्रवारी यायचा. दुकान खऱ्या अर्थानं चालवायच्या त्या शूबाई. पन्नाशी ओलांडलेल्या, बुटक्या, केस कानापाशी कापलेले. चीनमध्ये त्या सरकारी इस्पितळात पारंपरिक औषधांच्या विभागात डॉक्टर होत्या. त्यांना ‘मिसेस शू’ म्हणायचं असे, पण मनात मी पहिल्या दिवसापासून शूबाईच म्हणत आले. आम्ही दोघी मोडक्या इंग्रजीत बोलायचो. दोघींचं इंग्रजी वेगवेगळ्या जागी मोडलेलं होतं, त्यामुळे एकत्र मिळून वाक्य पूर्ण व्हायचं. इथे ते मराठीत देते.

पहिल्याच आठवड्यात मी काचेवरचं एक पोस्टर काढलं. दमा, सांधेदुखी, वंध्यत्व, कर्करोग, सगळ्यांवर इलाज, असं त्यावर लिहिलेलं होतं. स्टुलावर चढून मी चिकटपट्टी सोलत होते आणि मनात मालकाला द्यायचं भाषण तयार करत होते. शूबाई मागून आल्या. आता बोलणार, असं वाटलं. त्यांनी खालचा कोपरा नखानं सोडवला आणि म्हणाल्या, “तू वरचं ओढ. हे मी लावलेलं नाही.” शुक्रवारी मालकानं विचारलं तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, “उन्हानं उडालं होतं.” मँचेस्टरच्या फेब्रुवारीत!

आता त्या फळाबद्दल. चिनी भाषेत त्याला ऊ-मेई म्हणतात, म्हणजे काळं आलुबुखार. खरं तर ते जर्दाळूच्या जवळच्या जातीचं फळ. अर्धकच्चं असतानाच उतरवतात आणि मंद धुरावर सुकवत ठेवतात. काळं ठिक्कर, सुरकुतलेलं आणि इतकं आंबट होतं की नुसतं हुंगलं तरी जबड्याच्या कोपऱ्यात कळ येते. जुना खोकला, जुनाट हगवण, सारखी लागणारी तहान, पोटातले जंत, अशा तक्रारींवर त्यांच्याकडे ते शेकडो वर्षं देत आले आहेत. मी ‘देत आले आहेत’ असं लिहिते, ‘त्यानं बरं होतं’ असं लिहीत नाही. माझ्या घरच्यांना हा फरक कळेल.

त्यांच्या शास्त्रात आंबट चवीचं काम आवळून धरण्याचं. जे गळतं, झरतं, सुटतं, ते आंबट थोपवून धरतं. म्हणूनच ते नको तेव्हा द्यायचं नाही, हा शूबाईंचा कडक नियम. एक निवृत्त पोस्टमन होते. सर्दी झाली की दुसऱ्याच दिवशी येऊन ‘ते काळं प्लम’ मागायचे, कारण मागच्या हिवाळ्यात त्यांचा रेंगाळलेला खोकला त्यानं थांबला होता, असं त्यांचं म्हणणं. शूबाई दर वेळी नाही म्हणायच्या. “चोर अजून घरात आहे. आत्ता दार लावलंत तर तो आतच राहील. आधी त्याला जाऊ द्या.” पोस्टमन टोपी हातात घेऊन, तिकडे कुणालाही म्हणतात तसं ‘लव्ह’ लावून म्हणायचे, “मग चोर गेला की मी येतो, लव्ह,” आणि आल्याच्या गोळ्या घेऊन जायचे. अशा नकारांमुळे दुकानाचं काय होत असेल ते मालकाला विचारा. मला मात्र त्यामुळे तिथे काम करणं जमलं.

भांडण झालं ते एका गोष्टीवरून. गिऱ्हाईक नसलेल्या दुपारी शूबाईंनी सांगितलेली. जुन्या काळी एक सेनापती फौज घेऊन चालला होता. ऊन, धूळ, पाणी कुठेच नाही. सैनिक बसायला लागले. तेव्हा तो ओरडून म्हणाला, पुढच्या टेकडीपलीकडे आलुबुखारांची मोठी बाग आहे, आंबट फळांनी झाडं वाकली आहेत! ऐकून सगळ्यांच्या तोंडाला पाणी सुटलं, आणि त्या पाण्यावर ते पुढच्या नदीपर्यंत चालत गेले.

“आणि बाग?” मी विचारलं.

“बाग नव्हती.”

“म्हणजे तो खोटं बोलला.”

“हो.”

“आणि तुम्ही हे कौतुकानं सांगता? आमच्याकडे बुवा लोक नेमकं हेच करतात. टेकडीपलीकडे बाग आहे म्हणतात आणि माणसं चालत राहतात. सगळ्यांनाच नदी लागत नाही, मिसेस शू.”

खण पुसता पुसता त्या थांबल्या. “बाग खोटी होती. पण तोंडातलं पाणी खरं होतं.”

मी तावातावानं बरंच काही बोलले. ते सगळं वडिलांच्या पुस्तिकांतलं होतं, आजही मला ते पटतं. शूबाईंनी ऐकून घेतलं आणि चहा ओतला.

त्यानंतर काही आठवड्यांनी माने काका आले. मला ते महाराष्ट्र मंडळाच्या संक्रांतीला भेटलेले. पुण्याहून आयटीत आले आणि इथेच राहिले. पन्नाशीचे, नीटनेटके, नेहमी छत्री घेतलेले. त्या दिवशी छत्री नव्हती आणि ते भिजलेले होते. मला बघून चपापले.

“अगं, तू इथे? बरंच झालं. ह्यांना समजावून सांग. मला पूर्ण कोर्स हवाय. जे काही असेल ते.”

“कुणासाठी, काका?”

“नलूसाठी.”

नलिनीकाकूंच्या घशात गाठ निघाली होती. ऑपरेशन नको, किरणोपचारानं जाईल, असं डॉक्टर म्हणाले आणि गाठ खरोखर गेली. पण किरणांनी वाटेत लाळेच्या ग्रंथीही भाजल्या, एका बाजूच्या तेवढ्या वाचल्या. तोंड कोरडं ठणठणीत, जिभेला चव नाही. घास फिरतच नाही. तोंडात माती घेतल्यासारखं वाटतं म्हणून काकूंनी खाणं जवळजवळ सोडलं होतं. हॉस्पिटलच्या डाएटिशियननं सांगून ठेवलं होतं, वजन असंच उतरत राहिलं तर पोटात नळी घालून अन्न द्यावं लागेल.

“ती म्हणते, घाला नळी,” काका म्हणाले. “मला भीती नळीची नाही, क्रांती. ती ज्या पद्धतीनं म्हणते ना, त्याची आहे.”

शूबाईंनी सगळं ऐकलं आणि मान हलवली. “कोर्स नाही. कर्करोगावर माझ्याकडे काही नाही. तोंडात जखमा आहेत?”

“आहेत.”

“मग आंबटही नाही. जखमा भरू द्या. मग आधी हॉस्पिटलला विचारा, आणि मग या.” त्यांनी दोन काळी आलुबुखारं कागदात बांधली. “हे त्यांना दाखवा. लपवून काही द्यायचं नाही.”

काका निराश होऊन गेले. पण माणूस नेमाचा. जखमा भरल्यावर डाएटिशियनला पुडी दाखवून आले. तिनं हुंगून पाहिलं आणि म्हणाली, “बाप रे, बॉनफायरचा वास येतोय!” मग म्हणाली, पातळ करून घोट घोट घ्यायला हरकत नाही. आंबटानं उरलेली लाळ सुटायला थोडी मदत होऊ शकते. पण दात जपा, नंतर साध्या पाण्यानं चूळ भरा, आणि झोंबलं तर लगेच बंद. शूबाईंना हे सगळं पसंत पडलं. “शहाणी मुलगी आहे,” असं त्या डाएटिशियनबद्दल म्हणाल्या.

पुडी घेताना काकांनी मला दाराबाहेर बोलावलं.

“रविवारी घरी ये. तिला तू सांग. तू फार्मसीवाली, तुझं ऐकेल. म्हणावं, यानं चव नक्की परत येते. चीनमध्ये हजारो लोकांची आलीय.”

“काका, हे मला माहीत नाही.”

“अगं, म्हणायला काय जातं? माणूस आशेवर जगतो.”

“मी नाही म्हणणार.”

ते माझ्याकडे बघत राहिले. त्यांच्या डोळ्यांत राग असता तर मला सोपं गेलं असतं.

रविवारी गेले. काकू सोफ्यावर, अंगावर शाल, हातात पाण्याची बाटली. दोन वाक्यं झाली की घोट. बोलताना जीभ टाळूला चिकटून बारीक टक असा आवाज व्हायचा. एके काळी मंडळाच्या नाटकात आवाज चढवून बोलणारी ही बाई. काका स्वयंपाकघरात काढा उकळत होते. त्यांची सोळा वर्षांची मुलगी ईशा नाक दाबून जिन्यात बसली होती.

“आई, कसली घाण वास येतोय? बर्न्ट टोस्टसारखा आहे ती.”

“कसला घाण वास, म्हण. आणि ‘तो’,” काकूंनी तेवढ्यातही दुरुस्त केलं. मग माझ्याकडे वळल्या. “क्रांती, हे म्हणतात चव नक्की परत येणार. नर्स म्हणते, स्टे पॉझिटिव्ह. माझी बहीण पुण्याहून म्हणते, स्वामींची कृपा. तू सांग. येईल?”

काका हातात कप घेऊन दारात उभे होते. मला टेकडी दिसली आणि तिच्यापलीकडे काही नव्हतं.

“मला माहीत नाही, काकू,” मी म्हणाले. “डॉक्टर म्हणतात, एका बाजूच्या ग्रंथी वाचल्यात. म्हणजे येऊ शकेल. किती आणि कधी, कुणालाच सांगता येणार नाही. हे फळ तेवढं मोठं नाही. ह्यानं घोटभर वेळ तोंड ओलं होईल, झालं तर. बस.”

काकांनी कप टेबलावर जरा जोरातच ठेवला. काकू मात्र पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघायला लागल्या.

“घोटभर?”

“घोटभर.”

“चालेल की,” त्या म्हणाल्या. “तेवढं झेपेल मला.”

आणि त्यांनी काढा तोंडात घेतला आणि तसाच कपात परत टाकला.

“अहो, हे काय आहे! चूल विझवलेलं पाणी?”

एवढ्या खटाटोपानंतर हा निकाल. काकांनी कपाळावर हात मारला. काकूंनी मात्र कागदातलं एक आलुबुखार उचललं, बोटांनी दाबलं, उजेडात धरलं. त्यांचं माहेर चिपळूणचं.

“हे औषध कुणी म्हटलं? हे तर आमसूल आहे. जरा भाजकं, एवढंच. आमसुलाचं काय करतात?”

“सार,” काका म्हणाले.

“मग?”

त्या शाल टाकून उठल्या. काकांनी हात धरायला पुढे केला, तो त्यांनी बाजूला सारला. आलुबुखारं कोमट पाण्यात भिजवून कोळली, पाणी पातळ केलं, मिरचीशिवाय तुपात जिरं-हिंगाची फोडणी दिली. गूळ मुळीच नाही, दात जपायचे होते. मऊ भातावर ते ओतलं आणि अर्ध्या वाटीपर्यंत गेल्या. चव कळत नव्हती. पण जबड्याच्या डाव्या कोपऱ्यात काहीतरी टोचलं, असं म्हणाल्या. “पाझरलं गं. थोडंसं. थेंबभर.” बोट गालावर ठेवून त्या तशाच उभ्या राहिल्या. काकांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

सोमवारी शूबाईंना सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. “तुपात? जिरं?” एवढ्या जुन्या औषधावर फोडणी पडली होती! दिवसभर त्या अधूनमधून मान हलवत होत्या. दुकान बंद करताना म्हणाल्या, “पण गिळलं?”

“गिळलं.”

“मग औषध तेच आहे. भांडं बदललं.”

पुढच्या आठवड्यात काका दुकानात एक स्टीलचा डबा घेऊन आले. काकूंनी माझ्यासाठी सार पाठवलं होतं. मी मागच्या खोलीत प्याले आणि डोळे मिटले. मीठ, नुसतं मीठ. समुद्र परवडला. संध्याकाळी काकूंचा फोन आला.

“कसं झालं होतं?”

शूबाई माझ्याकडे बघत होत्या. काकूंनी आजारपणातून उठून केलेलं सार. छान म्हणायला काय जात होतं?

“खारट, काकू. फारच.”

फोनमधून एक विचित्र, कोरडा, खरखरीत आवाज. मला वाटलं रडतायत. त्या हसत होत्या.

“हे तीन दिवस तेच सार पितायत! ‘छान झालंय नलू, आणखी वाढ.’ आणि मी वाढतेय! बिचारा माणूस!” पाण्याचा घोट घेतल्याचा आवाज. “ऐक. यापुढे मी पाठवीन आणि तू सांगायचं. मला जीभ नाही, ह्यांच्या जिभेवर भरवसा नाही. ईशाला सगळंच ‘फाइन’ असतं. तुझी जीभ दे मला, जमेल तोवर.”

अशी मी कामाला लागले. दुकानातल्या सगळ्या कामांत मला हेच काम जास्त आवडलं हे आता सांगायला हरकत नाही. दर आठवड्याला डबा यायचा. सार, कधी आमटी, कधी दुधी घालून मऊ खिचडी. मी फोनवर सांगायचे, हिंग जळलाय, मीठ बरोबर, आंबट पुरे. काकू माझ्या सांगण्यावर करत गेल्या, आणि एकदा करायला लागल्या की खायलाही बसत गेल्या. दुसऱ्याला चालेल असं काही हातून होतंय, याची त्यांना गरज असावी. वजन आधी उतरायचं थांबलं. मग काट्यानं किंचित वर पाहिलं. डाएटिशियन नळीचं बोलायची हळूहळू थांबली.

काळ्या आलुबुखारानं हे केलं का? माझे वडील विचारतील, आणि त्यांनी विचारायलाच हवं. मला माहीत नाही. डॉक्टरांच्या म्हणण्याप्रमाणे वाचलेल्या ग्रंथी तशाही हळूहळू जाग्या होतातच. फळानं घोटभर ओलावा दिला, वेळेनं बाकीचं दिलं, आणि मधल्या वाटेवर सार होतं. एवढंच मला सिद्ध करता येतं. तेही नीट येत नाही.

डिग्रीचं शेवटचं वर्ष संपत आलं होतं. मी लंडनजवळ नोकरीला जाणार म्हणून काकूंनी जेवायला बोलावलं, आणि “तुझ्या बाईंनाही आण,” म्हणाल्या. शूबाई निळा कोट घालून, संत्र्यांची पिशवी घेऊन आल्या. त्यांच्यापुढे सार ठेवलं. त्यांनी वाटी दोन्ही हातांनी उचलली, हुंगली, एक घोट घेतला, मग आणखी एक. मग मला हळूच म्हणाल्या, “तूप वाईट नाही.”

सवयीप्रमाणे मी माझी वाटी उचलली. चव घेतली आणि सांगायला तोंड उघडलं.

“थांब,” काकू म्हणाल्या.

त्यांनी स्वतःच्या वाटीतून चमचाभर घेतलं. तोंडात धरलं. जिभेवरून एकदा या गालाकडे, एकदा त्या गालाकडे फिरवलं. ईशानं फोन खाली ठेवला. काकांचा घास हातातच राहिला.

“सांगू नकोस हं,” काकू मला म्हणाल्या. परत एक चमचा. कपाळाला आठी पडली. मग त्या अगदी साध्या आवाजात, जणू रोजचंच, म्हणाल्या, “मीठ कमी आहे.”

कमी होतं. चिमूटभरच, पण कमी होतं.

“मला वाटलंच होतं,” माने काका म्हणाले आणि मीठ आणायला उठले. स्वयंपाकघरात जाऊन ते बराच वेळ बाहेर आले नाहीत.